महाधिवक्त्यांच्या बॅगेतला एक कागद

मी एक जुनी चामडी बॅग आहे. माझी मूठ तीनदा बदलली आहे, पितळी कडी एका बाजूने झिजून पिवळीधमक झाली आहे, आणि तळाशी कॉफीचा एक डाग आहे, तो कुणालाच काढता आलेला नाही. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, बॅगेपाशी सांगण्यासारखे काय असणार? कागद आत घालायचे, कागद बाहेर काढायचे. पण मी आमच्या राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कचेरीत एक्केचाळीस वर्षे काढली आहेत. माझ्या पोटात जे कागद राहून गेले, त्यांतला एक मला आजही स्वस्थ बसू देत नाही. म्हणून बोलते आहे.

माझा जन्म माळरानावरच्या एका लहान गावात झाला. तिथे अँटोन श्वाबे नावाचा खोगीर करणारा कारागीर होता. घोडे कमी झाले, ट्रॅक्टर आले, आणि त्याच्या दुकानात खोगिरांपेक्षा कमरपट्टेच जास्त शिवले जाऊ लागले. एके दिवशी ल्यूएला प्लँक नावाच्या शाळेतल्या बाई त्याच्याकडे आल्या. त्यांच्या नवऱ्याला, ऑरिनला, राजधानीत महाधिवक्त्यांच्या कचेरीत वकिलाची जागा मिळाली होती, आणि त्याला काहीतरी टिकाऊ द्यावे असे त्यांच्या मनात होते. अँटोनने शेवटच्या खोगिरासाठी जपून ठेवलेले चामडे बाहेर काढले. मेण लावलेल्या दोऱ्याने त्याने मला दुहेरी टाक्यात शिवले आणि ल्यूएलाबाईंना बजावले, की ही धावत्या घोड्यावरून पडली तरी उसवणार नाही, मात्र वर्षातून दोनदा तेल चुकवू नका.

अशी मी राजधानीत आले. तिथे वारा कधी थांबत नाही. घुमटाच्या इमारतीच्या पायऱ्या चढताना पहिल्याच दिवशी ऑरिनची टोपी उडाली आणि त्याने मला छातीशी घट्ट धरले. मला ते फार आवडले.

महाधिवक्ता म्हणजे राज्याचा सगळ्यांत मोठा वकील. आमच्याकडे लोक त्याला मते देऊन निवडतात. त्याच्या हाताखाली कितीतरी वकील असतात, पण सही त्याची आणि जबाबदारीही त्याचीच. राज्याच्या एखाद्या कायद्यावर कुणी दावा लावला, की त्याने त्या कायद्याच्या बाजूने उभे राहायचे, मग तो कायदा त्याला स्वतःला आवडो किंवा न आवडो. एखाद्या खात्याला कायद्याचा अर्थ लागेना, की त्याने लेखी मत द्यायचे. गारपिटीनंतर गावोगाव फिरून कुणी म्हाताऱ्या माणसांना छपराच्या कामात फसवले, कुणी नदीत घाण सोडली, तर लोकांच्या वतीने त्यानेच कोर्टात जायचे. आणि जिल्ह्याच्या कोर्टात कुणाला मोठी शिक्षा झाली व तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात, आमच्याकडे प्रत्येक राज्याचे असे एक असते, दाद मागायला आला, तर शिक्षा बरोबर होती हे सांगायलाही त्याच्याच कचेरीने उभे राहायचे.

हे शेवटचे काम ऑरिनकडे होते. तो उंच, किंचित वाकलेला, आणि मुलखाचा चुळबुळ्या. विचार करायचा तर त्याला चालावे लागे. मला हातात घेऊन तो कचेरीतल्या खोल्यांच्या मधल्या लांबच लांब गल्लीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घाली, आणि त्याच्या पावलांबरोबर मी झुले. कोर्टात मात्र तो खांबासारखा उभा राही. न्यायमूर्ती त्याचे बोलणे पुढे झुकून ऐकत. कचेरीत नवे वकील आले, की त्यांना सांगितले जाई, प्लँकसाहेबांच्या बॅगेकडे बघा, त्यात कधी एक कागद जास्त नसतो की एक कमी नसतो. ते ऐकून माझी कडी अभिमानाने चमकत असेल. मी तेव्हा तरुण होते.

मग केस्लर गावची आग लागली.

केस्लरला रेल्वेच्या रुळाला लागून धान्याचे एक उंच कोठार होते. सुगीच्या दिवसांत, एका संध्याकाळी, ते मोठा आवाज होऊन पेटले. ट्रकचे वजन करणारा एमिल वाइस आत होता. तो वाचला नाही. टोबायस रेन्के नावाच्या सव्वीस वर्षांच्या कामगाराला आठवडाभर आधी तिथून काढून टाकले होते, आणि दारूच्या गुत्त्यात तो चार लोकांसमोर म्हणाला होता, की जळून जाऊ दे ते कोठार. आग तपासणाऱ्या अधिकाऱ्याने कोर्टात अहवाल दिला, की पेट्रोल ओतून आग लावली. टोबायस शेवटपर्यंत नाही म्हणत राहिला. त्याला जन्मठेप झाली.

दोन वर्षांनी त्याचे अपील वर आले आणि ते ऑरिनकडे गेले. जिल्ह्याच्या सरकारी वकिलाने कागदांचे एक खोके पाठवून दिले. ऑरिनने ते सगळे वाचले, कारण तो सगळे वाचणारा माणूस होता. खोक्याच्या तळाशी त्याला एक पान सापडले. ते आग तपासणाऱ्या त्याच अधिकाऱ्याचे होते, पण कोर्टात दिलेल्या अहवालाच्या तीन आठवडे आधीचे. त्यात लिहिले होते, की धान्याचा पट्टा फिरवणाऱ्या चाकातले बेअरिंग तापून लाल झाले आणि हवेत उडणाऱ्या धान्याच्या धुळीने पेट घेतला असे दिसते. पेट्रोलचा त्यात शब्दही नव्हता.

मित्रांनो, असे पान आरोपीच्या वकिलाला दाखवावेच लागते. तो कायदाच आहे. ऑरिनला ते माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. त्याने पान माझ्या मागच्या कप्प्यात ठेवले आणि तो चालू लागला. त्या आठवड्यात तो इतका चालला, की माझ्या मुठीचा टाका सैल झाला. अपिलाच्या सकाळी तो कोर्टाच्या पायऱ्यांवर थांबला. वारा भणाणत होता. त्याने ते पान काढले, वाचले, पुन्हा घडीवर घडी घालून आत ठेवले आणि कडी लावली. आत जाऊन तो नेहमीसारखाच उत्तम बोलला. राज्य जिंकले. दुपारी कचेरीत केक कापला. दुसऱ्या दिवशी त्याने पान होते तिथे, खोक्याच्या तळाशी ठेवले आणि खोके जिल्ह्याला परत गेले.

मला बोलता येत नव्हते. बॅगेचे काम जपून ठेवण्याचे. मी जपून ठेवले होते, एवढेच म्हणू शकते.

त्यानंतर ऑरिन सहा वर्षे कामावर होता, पण गल्लीतल्या येरझाऱ्या त्याने बंद केल्या. ल्यूएलाबाई गेल्या. मला तेल लावायचे राहून जाऊ लागले. निवृत्तीच्या दिवशी सगळे म्हणाले, साहेब, तुमची बॅग. तो म्हणाला, की ती इथलीच आहे, इथेच राहू दे, आणि मोकळ्या हातांनी पायऱ्या उतरून गेला.

मला एका कपाटात ठेवले. सोबतीला मोडका पंखा, विसरलेल्या छत्र्या आणि जुन्या निवडणुकीचे फलक. पाच वर्षे मी तिथे होते. माझे चामडे वाळले, कोपऱ्यांना भेगा पडल्या. पण खरा त्रास वाळण्याचा नव्हता. जिचा जन्म चालण्यासाठी झाला तिला एका जागी ठेवले, की जे विसरायचे तेच तिला पुन्हा पुन्हा आठवत राहते. बाहेर गल्लीत पावले वाजली, की मला वाटे, आता दार उघडेल आणि कुणीतरी त्या पानाबद्दल विचारेल.

दार उघडले ते रोवेना सोलबर्ग यांनी. त्या नुकत्याच महाधिवक्ता म्हणून निवडून आल्या होत्या. राज्याच्या पश्चिमेकडच्या, गुरांच्या कुरणांत वाढलेल्या, वय पन्नाशीचे, आवाज मोठा. त्या छत्री शोधायला आल्या होत्या आणि त्यांना मी दिसले. वकिलीची पहिली दोन वर्षे त्यांनी ऑरिनच्या हाताखाली काढली होती. त्यांनी मला लगेच ओळखले. घरून खोगिराचे तेल आणून त्यांनी तीन रविवार मला स्वतः चोळले. मी पुन्हा मऊ झाले आणि पुन्हा निघाले. त्यांच्या हातात मी छपरांच्या ठगांचे दावे वाहिले, नदीच्या पाण्याचे अहवाल वाहिले, आणि राज्याचा कारभार चालवणाऱ्या गव्हर्नरांना न आवडलेली लेखी मतेही वाहिली. मला वाटले, माझे चांगले दिवस परत आले.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत टोबायस रेन्केचा नवा अर्ज आला.

सोळा वर्षांनंतर त्याच्या नव्या वकिलाला एक बाई भेटल्या होत्या. त्या एके काळी आगीच्या खात्यात टंकलेखन करत. केस्लरचे अहवाल दोन होते, दोन्ही मीच टाइप केले, असे त्यांनी सांगितले होते. जिल्ह्याने कळवले, की आमच्याकडे एकच आहे. राज्याच्या वतीने उत्तर द्यायचे काम महाधिवक्त्यांच्या कचेरीचे. रोवेनाबाईंचे दुय्यम, लायल बॅनिंग, हुशार आणि नेमका माणूस. त्यांनी उत्तराचा मसुदा एका दिवसात तयार केला. अर्ज करायची मुदत कधीच उलटून गेली आहे, सबब अर्ज फेटाळावा. एवढेच. बॅनिंग म्हणाले, की आपण यात हरूच शकत नाही.

रोवेनाबाईंनी मसुदा बाजूला ठेवला आणि जिल्ह्याकडून ते खोके मागवले. फेब्रुवारीच्या अकरा तारखेला, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, त्यांच्या हातात ते पान आले. टोमॅटोचे सूप समोर तसेच निवत राहिले. त्यांनी ते दोनदा वाचले. मग ते माझ्यात ठेवले. त्याच मागच्या कप्प्यात.

माझ्या मनाची काय अवस्था झाली ते सांगता येणार नाही. मला वाटले, आता त्या उठतील, कोर्टात जातील आणि सांगून टाकतील. त्या उठल्या खऱ्या, पण गल्लीत जाऊन येरझाऱ्या घालू लागल्या.

त्यांच्याजवळ कारणे होती आणि एकेक कारण खरे होते. बॅनिंग म्हणाले, पहिला अहवाल घाईत लिहिलेला असू शकतो, जाणकारांना विचारल्याशिवाय राज्याने आपलीच केस सोडायची नसते. मग धुळीच्या स्फोटांचा अभ्यास केलेला एक प्राध्यापक शोधला. त्याला वेळ हवा होता. कोर्टाकडून उत्तरासाठी मुदतवाढ घेतली. जिल्ह्याचा तेव्हाचा सरकारी वकील भेटायला आला आणि हसत हसत सांगून गेला, की नोव्हेंबरात निवडणूक आहे, बाई, आणि आमच्या जिल्ह्यातले लोक एमिल वाइसला विसरलेले नाहीत. एप्रिलच्या शेवटी प्राध्यापकाचे पत्र आले. पहिलाच अहवाल बरोबर होता. तरी मुदतवाढ आणखी एकदा घेतली गेली. कारण रोवेनाबाईंना आधी एका माणसाला भेटायचे होते, आणि ती भेट त्या पुढे ढकलत होत्या.

मेच्या मध्याला त्या मला गाडीत टाकून ऑरिनकडे गेल्या. तो तलावाकाठी एकटाच राहत होता. दारात जाळी दुरुस्त करत बसला होता. त्यांना पाहून उठला, आणि मग त्याची नजर माझ्यावर पडली.

"ही तुझ्याकडे असते होय," तो म्हणाला. "बरी ठेवलीयस."

"तेल लावते. तुम्हीच सांगायचात, कामाची वस्तू कोरडी पडू देऊ नये म्हणून."

"ये, आत ये. चिखल झटक पायाचा. काल मासा मिळालाय, तळतो."

मासा तळला गेला, खाल्ला कुणी फारसा नाही. मग रोवेनाबाईंनी माझी कडी उघडली आणि पान त्याच्यासमोर ठेवले. त्याने चष्मा लावला नाही. लावायची गरजच नव्हती.

"ऑरिन, हा कागद तुम्ही पाहिला होता?"

त्याने पान बोटाने परत त्यांच्याकडे सरकवले. "पाहिला होता," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय. खटल्याच्या कागदांत तो नव्हता. अपिलात कुणी तो मुद्दा काढला नव्हता. मी मनाशी म्हटलं, जिल्ह्यानं आरोपीच्या वकिलाला दाखवला असेलच. असणारच. एक फोन केला असता तर कळलं असतं, दाखवलाय की नाही." त्याने ताटली बाजूला सारली. "म्हणूनच केला नाही फोन."

रोवेनाबाईंनी पान घडी घालून पुन्हा माझ्यात ठेवले.

"तू मला नावं ठेवायला आली असशील, तर ठेव, पोरी. मी बसलोय."

"मी तुम्हाला विचारायला आलेय, मी काय करू."

"हे मला विचारतेस?" तो पहिल्यांदाच जरा चिडला. "तीन महिने झाले तुझ्याकडे येऊन. तुला माहीत नाही होय काय करायचं? तू ते मला विचारत फिरतेयस, कारण तोवर करावं लागत नाही. मीसुद्धा असाच चालत होतो. गल्लीची फरशी झिजवली मी."

रोवेनाबाईंचे तोंड लाल झाले. ऑरिनने टेबलाच्या खणातून कोरा कागद काढला. जे घडले ते सगळे लिहून, शपथेवर सही करून देतो, असे म्हणाला. लिहायला त्याला दोन तास लागले. त्या दोन तासांत तो एकदाही उठला नाही.

कोर्टात जाण्याआधी रोवेनाबाईंना आणखी एक काम होते, आणि तेही त्यांच्या पदाचेच होते. एमिल वाइसच्या माणसांना हे वर्तमानपत्रातून कळता कामा नये. त्याची मुलगी जोलीन केस्लरला छोटे उपाहारगृह चालवत असे. जूनच्या पहिल्या आठवड्यात, दुपारची गर्दी ओसरल्यावर, रोवेनाबाईंनी तिला सगळे सांगितले. सोप्या शब्दांत, काही न लपवता. जोलीन टेबल पुसत होती, ती पुसतच राहिली.

"म्हणजे त्यानं लावली नाही आग," ती शेवटी म्हणाली.

"नाही."

"मग माझ्या बापाला कोणी मारलं?"

"एका बेअरिंगनं. तेल नव्हतं त्यात."

"सोळा वर्षं मी एका माणसाचा द्वेष केला, बाई. दर वाढदिवसाला, दर सणाला. आता काय लोखंडाच्या तुकड्याचा करू?"

 जोलीन कॉफी ओतू लागली, ती कप भरून वाहिला तरी ओततच राहिली, आणि कॉफी टेबलावरून माझ्या तळाखाली पसरली. माझ्या तळाचा डाग तो हा. जोलीनने तो फडक्याने घासून पाहिला, मग फडके टाकून दिले आणि आत निघून गेली. निघताना रोवेनाबाईंनी दारातून तिला हाक मारली, की कोर्टात यायचे असेल तर जागा राखून ठेवते. आतून भांडी घासल्याचा आवाज येत राहिला.

जूनच्या सतरा तारखेला महाधिवक्ता स्वतः सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या. एरवी अशा कामाला हाताखालचे वकील जातात. मी त्यांच्या पायाशी होते. समोर पाच न्यायमूर्ती होते, डाव्या बाजूला टोबायसचा वकील, आणि मागच्या बाकावर, दाराजवळ, जोलीन वाइस. ती आली होती.

रोवेनाबाईंनी पान बाहेर काढले आणि ते कसे सापडले, कोणी कधी पाहिले, काय लपून राहिले, हे सगळे सांगितले. स्वतःच्या कचेरीचे नाव त्यांनी गाळले नाही. ऑरिनचा शपथेवरचा कागद त्यांनी वाचला तेव्हा त्यांचा मोठा आवाज खाली आला होता. शेवटी त्या म्हणाल्या, की टोबायस रेन्केची शिक्षा रद्द करावी.

मुख्य न्यायमूर्ती म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी ऑरिनला वर्षानुवर्षे ऐकले होते. ते म्हणाले, "महाधिवक्ता, अर्जदाराचा वकील त्याची बाजू मांडतोय. तुम्हीही त्याचीच मांडताय. मग आज या कोर्टात राज्याची बाजू कोण मांडणार?"

"मीच मांडतेय, महोदय," रोवेनाबाई म्हणाल्या. "राज्याची बाजू हीच आहे. निरपराध माणसाला कोंडून ठेवण्यात राज्याचं काही हित नाही."

 न्यायमूर्तींनी पान हातात घेऊन ते उजेडाकडे धरले, जणू त्यात अजून काही लिहिलेले दिसेल. मागचा बाक वाजला. जोलीन उठून गेली होती.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. टोबायस सुटला. वर्तमानपत्रांत रोवेनाबाईंचे फोटो आले. काहींनी त्यांना धाडसी म्हटले, काहींनी गुन्हेगारांची मैत्रीण. नोव्हेंबरात केस्लरच्या जिल्ह्यात त्या सपाटून आपटल्या, पण राज्यात निवडून आल्या. खरे सांगायचे तर बहुतेक लोकांनी मते दुसऱ्याच गोष्टींवरून दिली. ऑरिनची वकिलीची सनद काढून घेतली गेली. त्याने ती टपालाने स्वतःच पाठवून दिली होती. रोवेनाबाईंनी माझी मूठ नव्याने शिवून घेतली. कचेरीतले नवे वकील पुन्हा माझ्याकडे बोट दाखवू लागले, ही ती बॅग म्हणून. मित्रांनो, मी लपवत नाही, मला ते गोड वाटले. मी समजले, गोष्ट संपली.

डिसेंबरात टोबायस रेन्के कचेरीत आला. त्याने दहा मिनिटे मागितली होती. बेचाळीस वर्षांचा, पण केस पांढरे. थंडीने कान लाल झालेले. रोवेनाबाईंनी खुर्ची दाखवली. तो बसला नाही. त्यांनी कॉफी विचारली. नको म्हणाला. त्यांना वाटले, आभार मानायला आला असेल, आणि आभार स्वीकारायचे नाहीत असे त्यांनी ठरवलेही असावे. मला त्यांच्या चेहऱ्यावरून तसे वाटले.

"एकच विचारायचं होतं," तो म्हणाला. "तो कागद तुम्हाला कधी मिळाला?"

"फेब्रुवारीत."

"तारीख?"

"अकरा."

"आणि कोर्टात तुम्ही उभ्या राहिलात सतरा जूनला." त्याने मान हलवली. "एकशे सव्वीस दिवस. मी मोजलेत. आत मोजायची सवय लागते."

रोवेनाबाई सांगू लागल्या, की प्राध्यापकाचे पत्र यायला वेळ लागला, की कागदाची खात्री करणे भाग होते. त्याने मधे बोलून त्यांना थांबवले नाही. त्या आपोआपच थांबल्या.

"माझी आई मेच्या चार तारखेला गेली," तो म्हणाला. "तिला कळलं नाही."

हीटरमधून वाफेचा आवाज येत होता. रोवेनाबाई उभ्या होत्या, त्यांनी टेबलाच्या कडेला हात टेकला. मग त्या म्हणाल्या, "खात्री तर मला पहिल्याच दिवशी झाली होती. बाकीचं मी घाबरून केलं. माझं चुकलं."

टोबायसने त्यांच्याकडे नीट पाहिले. "तुमच्याआधी सोळा वर्षांत कोणी सांगितलं नाही. ते मी विसरत नाही," तो म्हणाला. "हेही नाही विसरणार." त्याने टोपी घातली आणि दार हळूच ओढून घेतले.

त्या दिवशी रोवेनाबाईंनी दुपारच्या सगळ्या भेटी रद्द केल्या. बॅनिंगना बोलावून त्यांनी एक नियम लिहायला सांगितला. कैद्याच्या बाजूचा कोणताही कागद या कचेरीत सापडला, तर तो त्याच दिवशी कोर्टाला आणि त्याच्या वकिलाला गेला पाहिजे. खात्री नंतर करायची. मुदतवाढ मागायची नाही. बॅनिंग म्हणाले, की त्याच दिवशी जमेलच असे नाही, तीन दिवस तरी लिहूया. रोवेनाबाई म्हणाल्या, "लायल, त्याच दिवशी."

तो नियम आता भिंतीवर लावला आहे. तो पाळला जाईल की नाही, मला ठाऊक नाही. महाधिवक्ते येतात आणि जातात, लोक नवे निवडतात. भिंतीवरचे कागद पिवळे पडतात. म्हणून मला स्वस्थता नाही, मित्रांनो.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्या घरात असतील. त्यांना तेलपाणी करा, त्यांना कपाटात कोंडू नका, हे तर मी सांगेनच. पण तेवढ्यासाठी मी एवढे बोलले नाही. उद्या तुमच्यापैकी कुणी वकील होईल, कुणी अधिकारी, कुणी नुसतेच खोकी उचलणारे. एखाद्या दिवशी तुमच्या हातात असे एक पान येईल, की ते कुणालाच दाखवू नये असे तुम्हाला वाटेल. तेव्हा उठून फेऱ्या मारू नका. कुणाला विचारत फिरू नका. तुम्ही चालत असता, तेव्हा दुसरीकडे कुणीतरी दिवस मोजत बसलेले असते, आणि कुणाची तरी आई वाट बघत असते.